उजव्या हाताची तीस वर्षे : लिऑन फ्लायशर यांचे प्रकरण

1965 च्या वसंतात क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा जॉर्ज सेल यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत संघ आणि युरोपच्या प्रदीर्घ दौऱ्यावर निघणार होता. त्या दौऱ्यासाठी एकल पियानोवादक म्हणून छत्तीस वर्षांच्या लिऑन फ्लायशर यांची निवड झाली होती. दौरा जवळ आला असताना सेल यांनी त्यांना सांगितले की हाताच्या या अवस्थेत त्यांना बरोबर नेता येणार नाही. फ्लायशर यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी गेले काही महिने पियानोवर ठेवताच आपोआप तळहाताकडे वळू लागली होती. दुखत काहीच नव्हते, सूज नव्हती, क्ष-किरण तपासणीत दाखवावे असे काही नव्हते. फक्त बोटे ऐकत नव्हती. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे त्यांना दोन्ही हातांनी नियमित मैफली करता आल्या नाहीत.

हे प्रकरण बहुतेक वेळा विजयकथा म्हणून सांगितले जाते: हात गेला, कलाकाराने धीर सोडला नाही, अखेर औषध सापडले आणि हात परत आला. तपशील नीट पाहिले तर ही मांडणी टिकत नाही. हात पूर्ववत झालाच नाही. आणि ज्या चिकाटीचे कौतुक केले जाते तिने पहिल्या टप्प्यात नुकसानच केले असावे. शिवाय मधल्या तीस वर्षांना प्रतीक्षाकाळ मानले की त्या काळात उभे राहिलेले काम दुय्यम ठरते, आणि माझ्या मते या कारकिर्दीतील सर्वांत विचार करण्याजोगा भाग तोच आहे.

घडण

फ्लायशर यांचा जन्म 23 जुलै 1928 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या कुटुंबात झाला. वडील टोप्या बनवण्याच्या व्यवसायात होते. पियानो चौथ्या वर्षी सुरू झाला आणि आठव्या वर्षी जाहीर कार्यक्रम झाला. त्या काळातील सर्वांत आदरणीय पियानोवादकांपैकी एक असलेले आर्टुर श्नाबेल लहान मुलांना शिकवत नसत. परंतु वाद्यवृंद संचालक आल्फ्रेड हर्ट्झ यांच्या घरी ते जेवायला आलेले असताना या मुलाला त्यांच्यासमोर वाजवायला बसवण्यात आले आणि श्नाबेल यांचा नियम मोडला. 1938 मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास, फ्लायशर इटलीतील कोमो सरोवराकाठी श्नाबेल यांच्याकडे शिकू लागले. युद्ध सुरू झाल्यावर हे शिक्षण न्यू यॉर्कमध्ये पुढे चालू राहिले आणि एकूण सुमारे दहा वर्षे टिकले. श्नाबेल हे लेशेटित्स्कींचे शिष्य, लेशेटित्स्की चेर्नींचे आणि चेर्नी स्वतः बेटहोव्हनचे. ही परंपरा जाहिरातीत शोभून दिसतेच, पण श्नाबेल यांच्याकडे तिचा एक ठोस अर्थ होता. बोटांच्या कसरतीला त्यांच्या शिकवणीत स्वतंत्र स्थान नव्हते. स्वररचना आधी मनात पूर्ण ऐकू आली पाहिजे आणि हाताने तिच्या मागे जायचे, अशी ती शिस्त होती. पुढे जे घडले त्याच्या संदर्भात हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

1944 मध्ये, सोळाव्या वर्षी, पिएर मोंतू यांच्या संचालनाखाली न्यू यॉर्क फिलहार्मोनिकबरोबर कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी ब्राम्सचा पहिला पियानो कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) वाजवला. शतकात एखादाच असा पियानोवादक सापडतो, अशा अर्थाचा अभिप्राय मोंतू यांनी त्यांच्याबद्दल दिला होता. 1952 मध्ये ब्रुसेल्स येथील क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारे ते पहिले अमेरिकी ठरले. त्यानंतर सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा यांच्याबरोबर त्यांची ध्वनिमुद्रणे झाली: ब्राम्सचे दोन्ही कॉन्चेर्टो, बेटहोव्हनचे पाचही, शिवाय शुमान, ग्रीग, फ्रांक आणि रखमानिनॉव्ह. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 1960 च्या दशकाच्या आरंभापर्यंतची ही मुद्रणे आजही या रचनांच्या मोजक्या संदर्भमुद्रणांत धरली जातात. मुद्रणांच्या यादीकडे पाहिले तर हा माणूस पस्तिशीत शिखरावर होता, यात शंका राहत नाही.

याच काळातील एक घटना चरित्रकारांना फारशी रोमांचक वाटत नाही, पण या प्रकरणात तिला मोठे महत्त्व आहे. 1959 मध्ये फ्लायशर बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीत संस्थेत अध्यापक म्हणून रुजू झाले होते. मैफली करणाऱ्या पियानोवादकाची मिळकत प्रत्येक कार्यक्रमाच्या मानधनावर अवलंबून असते. पुढच्या एक-दोन हंगामांच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात, आणि कार्यक्रम रद्द झाला की मानधन बुडते. तारखा वारंवार रद्द होऊ लागल्या की व्यवस्थापक आणि वाद्यवृंद दुसरे नाव शोधतात. आजार सुरू झाला तेव्हा फ्लायशर यांच्याकडे पाच वर्षांपूर्वी स्वीकारलेली एक नोकरी होती. ती संकटाची चाहूल लागून घेतलेली नव्हती.

बोटे वळू लागली तेव्हा

1964 मध्ये सुरुवातीला जाणवला तो केवळ उजव्या हातातील किंचित सुस्तपणा. एखादी पट्टी थोडी उशिरा दाबली जाई, करंगळीचा स्वर अपेक्षेइतका स्वच्छ येत नसे. लहानपणापासून तयार झालेल्या कोणत्याही वादकाच्या मनात यावर एकच उत्तर तयार असते: सराव कमी पडतो आहे. फ्लायशर यांनी सराव वाढवला. अडणाऱ्या जागी जोर देऊन, तेच ते अंश पुन्हा पुन्हा, तासन्‌तास वाजवत त्यांनी बोटांना वठणीवर आणण्याचा प्रयत्न केला. बोटे अधिक वळू लागली. काही महिन्यांत अनामिका आणि करंगळी तळहातात मुडपून राहू लागली आणि पियानोपासून दूर झाल्यावर मात्र तोच हात दैनंदिन कामे बऱ्यापैकी करू शकत होता.

पियानोवादनात ही दोनच बोटे जाणे किती मोठे असते, हे वाद्य न वाजवणाऱ्याला चटकन कळत नाही. पियानोच्या बहुतेक रचनांत मुख्य सुरावट वरच्या पट्टीत, म्हणजे उजव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला असते. सर्वांत कमकुवत बोटांवर सर्वांत ठळक ऐकू येणारा स्वर सोपवलेला असतो, आणि त्याच वेळी त्याच हाताची उरलेली बोटे मधले स्वर भरत असतात. उजव्या करंगळीने साथ सोडली की मोझार्टपासून ब्राम्सपर्यंतच्या रचनांतील गाणारा आवाजच नाहीसा होतो. डाव्या हातावर असे संकट आले असते तर कदाचित बोटांची फेरमांडणी करून काही काळ निभावता आले असते. इथे तेवढी मोकळीक नव्हती.

या विकाराला आज फोकल डिस्टोनिया म्हणतात. हा स्नायूंचा किंवा सांध्यांचा आजार नसून मेंदूने हालचालीवर ठेवलेल्या नियंत्रणातला बिघाड आहे, आणि त्याचे सर्वांत चमत्कारिक लक्षण म्हणजे तो विशिष्ट कामापुरता असतो. लिहिताना, बटण लावताना, स्वयंपाक करताना बोटे ठीक असतात. वाद्यावर ठेवली की बिघडतात. एक बोट उचलायचे तर मेंदूला शेजारच्या बोटांना त्याच क्षणी आवर घालावा लागतो, आणि हा आवर घालण्याची यंत्रणा डिस्टोनियात ढिली पडलेली असते. निरोगी मेंदूत प्रत्येक बोटाच्या संवेदनेसाठी वेगवेगळे क्षेत्र असते. डिस्टोनिया असलेल्या वादकांच्या मेंदूच्या प्रतिमांत ही क्षेत्रे एकमेकांत मिसळलेली, सीमा पुसट झालेली आढळली आहेत. अत्यंत वेगवान, अत्यंत सूक्ष्म आणि हजारो वेळा पुनरावृत्ती होणाऱ्या हालचाली हा या पुसटपणामागचा एक महत्त्वाचा घटक मानला जातो. त्याला आनुवंशिक प्रवृत्ती आणि मानसिक ताण यांची जोडही असू शकते. व्यावसायिक संगीतकारांपैकी सुमारे एक टक्का लोकांना तो होतो असे सामान्यतः सांगितले जाते. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो, सुरुवात बहुधा तिशीत होते, आणि पियानोवादकांत उजव्या हाताची चौथी व पाचवी बोटेच सर्वाधिक सापडतात. फ्लायशर यांचे प्रकरण या वर्णनाशी इतके तंतोतंत जुळते की आज एखाद्या संगीत-वैद्यकाच्या तज्ज्ञाने पहिल्याच भेटीत निदान केले असते.

म्हणूनच ही पुढची गोष्ट मला या प्रकरणाच्या केंद्रस्थानी वाटते. बिघाड जर अतिपुनरावृत्तीने पुसट झालेल्या, मेंदूतील बोटांच्या क्षेत्रांच्या नकाशाचा असेल, तर चुकीच्या पद्धतीने वळणाऱ्या बोटांनी तोच अंश आणखी शेकडो वेळा वाजवणे म्हणजे तो पुसटपणा पक्का करणे होय. ज्या गुणाने वादक घडतो, तोच गुण इथे रोगाच्या बाजूने उभा राहतो. श्नाबेल यांच्याकडे दहा वर्षे काढलेल्या शिष्याने, घाबरल्यावर, नेमकी ती यांत्रिक मेहनत करावी जिला गुरूने कधी महत्त्व दिले नाही, हा योगायोगाचा भाग आहे की भीतीचा स्वभावच तसा आहे, याचे उत्तर एका प्रकरणावरून देता येणार नाही. स्वतः फ्लायशर यांनी नंतरच्या आयुष्यात आपल्या आजाराचा दोष मोठ्या प्रमाणात त्या बेभान सरावाला दिला.

निदानाविना उपचार

1965 मधील वैद्यकाला दोष देण्याआधी तेव्हाचे ज्ञान कुठे होते हे पाहणे न्याय्य ठरेल. लेखनिकांच्या आणि पियानोवादकांच्या हाताला येणाऱ्या अशा पेटक्यांचे वर्णन मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांच्या 1888 च्या ग्रंथात आहे, मात्र तिथे त्यांना व्यवसायजन्य मनोविकारसदृश गटात टाकलेले होते, आणि विसाव्या शतकाचा मोठा भाग हीच समजूत टिकून होती. लेखनिकांचा पेटका (लिहिताना हात आखडणे) हा मज्जासंस्थेचा विकार असून डिस्टोनियाचाच स्थानिक प्रकार आहे, हे डेव्हिड मार्सडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठामपणे मांडले ते 1982 मध्ये. म्हणजे फ्लायशर डॉक्टरांच्या दारात उभे होते तेव्हा त्यांना दोनच प्रकारची उत्तरे मिळू शकत होती: हातात काही दिसत नाही, किंवा मनात काहीतरी आहे.

त्यांनी जवळजवळ सगळे करून पाहिले. इंजेक्शने, मालिश, संमोहन, मानसोपचार, भौतिकोपचार, सुगंधोपचार, ध्यानमार्ग, अशी ती लांबलचक यादी ते पुढे स्वतःच विनोदाने सांगत. त्या काळात विनोदाला जागा नव्हती. संसार मोडला, त्यांनी दाढी आणि केस वाढवले, स्कूटरवरून हिंडू लागले, आणि आत्महत्येचे विचार मनात येत होते हे त्यांनी आत्मचरित्रात स्पष्टपणे लिहिले आहे.

यात व्यवसायाच्या एका अलिखित नियमाची भर पडत होती. पियानोवादक आपल्या हाताच्या दुखण्याबद्दल बोलत नसत. हात बिघडल्याची कुजबुज व्यवस्थापकांपर्यंत पोहोचली की तारखा कमी होतात. शिवाय इजा म्हणजे चुकीच्या तंत्राचा पुरावा, म्हणजे शिक्षकाचाही अपमान, अशी समजूत होती. न्यू यॉर्कचे गॅरी ग्राफमन हे फ्लायशर यांच्याच वयाचे, त्याच 1928 सालचे पियानोवादक. त्यांच्या उजव्या हाताची तीच बोटे 1970 च्या दशकात बिघडू लागली, तेव्हा त्यांनी सप्तकांतील चौथ्या बोटाच्या जागी तिसरे वापरण्यासारख्या युक्त्या करून प्रकार बराच काळ झाकून ठेवला, आणि 1979 च्या सुमाराला त्यांची दोन्ही हातांची कारकीर्द थांबली. दोघेही उपचारासाठी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गेले, आणि 1981 मध्ये दोघांची कहाणी वर्तमानपत्रात जाहीरपणे छापून आली. त्यानंतर जगभरातील वादक आपल्या हातांच्या तक्रारी घेऊन पुढे येऊ लागले. कलाकारांच्या आजारांना वाहिलेले वैद्यकीय नियतकालिक 1986 मध्ये सुरू झाले. या शाखेला दवाखाने, परिषदा आणि संशोधक मिळाले ते त्याच दशकात. एका अर्थाने या दोन वादकांनी सर्वांत उपयोगी पडलेले काम पियानोच्या बाहेर, मौन सोडून केले.

उजवा हात वगळून

दौरा हुकल्यानंतरची सुमारे दोन वर्षे फ्लायशर यांनी डाव्या हातासाठी लिहिलेल्या संगीताकडे वळणे टाळले. ते स्वीकारले तर उजवा हात गेला हे मान्य केल्यासारखे होईल, असे त्यांना वाटत होते. वास्तविक हे संगीत तयारच होते, आणि ते आधीच्या एका युद्धाने निर्माण केलेले होते. व्हिएन्नाचे पियानोवादक पाउल विट्गेनश्टाइन यांनी 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला. घरची श्रीमंती मोठी असल्याने त्यांनी त्या काळच्या नामवंत रचनाकारांकडून एका हातासाठी रचना करवून घेतल्या. रावेलचा डाव्या हाताचा कॉन्चेर्टो, जो 1932 मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजला, हा त्यांपैकी सर्वांत मोठा. प्रोकोफिएव्हचा चौथा कॉन्चेर्टो विट्गेनश्टाइन यांना रुचला नाही आणि त्यांनी तो कधीच वाजवला नाही. तो 1956 मध्ये दुसऱ्या एका एकहाती वादकाने बर्लिनमध्ये प्रथम सादर केला. ब्रिटनची 'डायव्हर्शन्स' ही रचनाही याच मालिकेतली.

डाव्या हाताच्या संगीताची एक गंमत अशी की त्यात हाताची रचनाच वादकाच्या बाजूने असते. डाव्या हातात अंगठा वरच्या बाजूला येतो, त्यामुळे सुरावट सर्वांत बळकट बोटाकडे जाते आणि करंगळी खालचा आधारस्वर धरते. उजव्या हातातील विषमता इथे उलटी होते. रावेलने ही गोष्ट इतक्या चतुराईने वापरली आहे की डोळे मिटून ऐकणाऱ्याला एकच हात वाजतो आहे हे सांगूनही पटत नाही. फ्लायशर यांनी या रचना शेकडो वेळा वाजवल्या आणि रावेल, प्रोकोफिएव्ह व ब्रिटन यांच्या कॉन्चेर्टोस्वरूप कृती पुढे सेइजी ओझावा आणि बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांच्याबरोबर ध्वनिमुद्रित केल्या. बाखच्या व्हायोलिनसाठीच्या शाकॉनचे ब्राम्सने केवळ डाव्या हातासाठी केलेले रूपांतरही त्यांच्या कार्यक्रमांत कायम असे. तरीही हे भांडार लहान आहे. त्यावर एकट्यावर पन्नास वर्षांची कारकीर्द चालत नाही.

म्हणून दुसरी दोन दारे महत्त्वाची ठरली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वॉशिंग्टनमध्ये कक्षसंगीताचा एक गट सहसंस्थापक म्हणून उभा केला आणि संचालन हाती घेतले. 1970 पासून ॲनापोलिस सिंफनीचे संचालक म्हणून, आणि पुढे बाल्टिमोर सिंफनीत सहयोगी संचालक म्हणून त्यांनी काम केले. 1986 ते 1997 या काळात ते टँगलवूड संगीत केंद्राचे कलात्मक संचालक होते. वाद्यवृंद संचालनाने त्यांना पियानोशिवाय संगीत करायला लावले, आणि अध्यापनात तर याहून खोल बदल झाला. पूर्वी विद्यार्थ्याला बाजूला सरकवून ते स्वतः वाजवून दाखवत. आता ते शक्य नव्हते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट शब्दांत मांडावी लागू लागली. स्वर कुठे जायला निघाला आहे, विराम का हवा, लयीला किती ताणता येते, हे सगळे भाषेत पकडावे लागले, आणि आपण चांगले शिक्षक झालो ते यामुळेच, असे ते सांगत. त्यांच्याकडे शिकलेल्यांत आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन आणि जोनाथन बिस यांच्यासारखी नावे आहेत. ही यादी पाहता, उजवा हात शाबूत असलेल्या फ्लायशर यांनी पियानोच्या जगाला याहून अधिक दिले असते का, हा प्रश्न मी तरी सहजासहजी निकालात काढू शकत नाही.

बाल्टिमोर, सप्टेंबर 1982

संपूर्ण प्रकरणात एका संध्याकाळीचे महत्त्व इतर सर्व घटनांहून अधिक आहे. बोस्टनमधील तपासणीनंतर फ्लायशर यांच्या उजव्या मनगटावर कार्पल टनेल विकाराची (मनगटातील अरुंद बोगद्यात नस दाबली जाण्याची) शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर हातात थोडी सुधारणा जाणवू लागली. हा उपचार मुळात कितपत लागू होता, हे शरीररचना पाहिली तर शंकास्पद वाटते. मनगटातील त्या बोगद्यातून जाणारी मीडियन नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना सांभाळते, तर फ्लायशर यांची तक्रार प्रामुख्याने करंगळीच्या बाजूची होती. नस थोडी दाबली गेलेली असणे शक्य आहे. पण मूळ दुखणे तिच्या पलीकडचे होते.

16 सप्टेंबर 1982 रोजी बाल्टिमोरच्या नव्या मेयरहॉफ सिंफनी सभागृहाचे उद्घाटन होते आणि त्याच कार्यक्रमात फ्लायशर यांचे दोन हातांनी पुनरागमन जाहीर झाले होते. दूरचित्रवाणीवरून हा कार्यक्रम देशभर दिसणार होता. ठरलेली रचना बेटहोव्हनचा चौथा कॉन्चेर्टो होती. जसजशी तारीख जवळ आली तसतसे त्यांना जाणवले की हा कॉन्चेर्टो हाताला पेलणार नाही, आणि त्याच्या जागी सेझार फ्रांकची 'सिंफनिक व्हेरिएशन्स' ही रचना आली. या बदलाचा अर्थ पियानोवादकाला लगेच कळतो. चौथा कॉन्चेर्टो अर्ध्या तासाहून मोठा आहे, त्याची सुरुवातच पियानोच्या एकट्या, अगदी हळुवार वाक्याने होते, आणि पुढे उजव्या हाताला उघड्यावर, एकसारख्या मोत्यांसारखे सप्तकधावे आणि कंपस्वर सतत द्यावे लागतात. फ्रांकची रचना जेमतेम पंधरा मिनिटांची आहे आणि त्यात वाद्यवृंदाचा आधार घेता येतो.

कार्यक्रम गाजला. श्रोते उभे राहिले, वृत्तपत्रांनी पुनर्जन्माची भाषा वापरली, छायाचित्रे सर्वत्र छापली गेली. वाजवणाऱ्याला मात्र आपला हात सुधारलेला नाही हे पक्के ठाऊक होते. अवघड जागा त्यांनी युक्तीने काढल्या होत्या आणि जे ऐकू आले त्यापेक्षा जे करावे लागले ते फार वेगळे होते. ठरलेले पुढचे दोन-हाती कार्यक्रम त्यांनी मागे घेतले आणि ते पुन्हा डाव्या हाताकडे, संचालनाकडे व अध्यापनाकडे परतले. एवढ्या जाहीर विजयानंतर असे माघारी फिरणे हा मला या कारकिर्दीतील सर्वांत कठीण निर्णय वाटतो, कारण त्या क्षणी सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि थोडे झाकून ती पुढे चालवणे शक्यही होते. तसे झाले असते तर हात आणखी बिघडला असता आणि निदानाची वेळ आणखी पुढे गेली असती.

सुई आणि मर्यादा

योग्य निदान 1991 मध्ये झाले: फोकल डिस्टोनिया. उपचार तेव्हा नुकताच उपलब्ध झाला होता. बोटुलिनम टॉक्सिन या विषाच्या अतिसूक्ष्म मात्रेचे वैद्यकीय उपयोग अमेरिकेत 1989 मध्ये, आधी तिरळेपणा आणि पापण्यांच्या पेटक्यांसाठी, अधिकृतपणे मान्य झाले. हे विष मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला मिळणारा संदेश, म्हणजे ॲसिटिलकोलीनचे स्रवणे, रोखते. त्यामुळे अनावश्यकपणे आकसणारा स्नायू तात्पुरता सैल पडतो. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फ्लायशर यांच्या हाताच्या स्नायूंत ही इंजेक्शने दिली जाऊ लागली. त्याआधी त्यांनी रॉल्फिंग नावाचा खोल मर्दनाचा उपचार घेतला होता आणि घट्ट, आखडलेला हात त्यामुळे काहीसा सैल झाला होता. दोन्हींचा मिळून परिणाम त्यांना जाणवला. 1995 मध्ये ते क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्टचा कॉन्चेर्टो दोन हातांनी वाजवू शकले.

या उपचाराची गणिते नाजूक असतात. परिणाम काही दिवसांनी सुरू होतो आणि सुमारे तीन ते चार महिने टिकतो, त्यामुळे इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. मात्रा थोडी कमी पडली तर बोट वळतेच, थोडी जास्त झाली तर ते इतके अशक्त होते की सुराला वजन मिळत नाही. मेंदूतील मूळ बिघाड तसाच राहतो. औषध फक्त त्याचा परिणाम स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणूनच परतल्यानंतर फ्लायशर यांनी जे निवडले ते 1962 मधील फ्लायशर यांचे नव्हते. ब्राम्सच्या कॉन्चेर्टोंऐवजी बाखची रूपांतरे, मोझार्ट आणि शुबर्ट पुढे आले. पत्नी कॅथरिन जेकबसन यांच्याबरोबर चार हातांचे संगीत वाढले. 2004 मध्ये 'टू हँड्स' हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. जवळजवळ चाळीस वर्षांनंतर त्यांचे दोन्ही हातांचे हे पहिलेच मुद्रण होते. शुबर्टचा शेवटचा बी-फ्लॅट सोनाटा त्यात आहे. जुन्या मुद्रणांतील ताकद आणि लख्खपणा त्यात शोधणे व्यर्थ आहे, पण एका विस्तीर्ण, संथ वाक्याला शेवटपर्यंत न सोडता नेण्याची त्यांची क्षमता तिथे जितकी ऐकू येते तितकी पूर्वी क्वचितच आली असेल.

ग्राफमन यांचा हात कधीच परत आला नाही. 1986 मध्ये ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेचे संचालक झाले आणि 2006 पर्यंत त्यांनी ती सांभाळली. लांग लांग आणि युजा वांग हे त्यांचे विद्यार्थी. विल्यम बोलकम यांनी 1996 मध्ये दोघा मित्रांसाठी दोन डाव्या हातांचा एक कॉन्चेर्टो रचला, त्याचे प्रत्येक वादकाचे भाग स्वतंत्रपणेही वाजवता येतात आणि एकत्रही. दोघांचे विकार सारखे, वय सारखे, आणि शेवट वेगळे. इंजेक्शनला कोणाचा हात किती प्रतिसाद देईल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे एकाचे परतणे आणि दुसऱ्याचे न परतणे यांत इच्छाशक्तीची तुलना करू पाहणे गैर ठरेल. दोघांमध्ये सारखे आहे ते हे की संगीताची जागा उजव्या हाताबाहेर शोधण्याची गरज पडली तेव्हा दोघांनाही ती सापडली, आणि त्यासाठी दोघांना संस्थांचा आधार मिळाला.

2004 च्या डिसेंबरात फ्लायशर यांनी सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर हिंडेमिट यांची डाव्या हातासाठीची कृती जगात प्रथमच वाजवली. ती 1923 मध्ये विट्गेनश्टाइन यांच्यासाठी लिहिली गेली होती. त्यांना ती न आवडल्याने ती त्यांच्याच घरी पडून राहिली आणि त्यांच्या पत्नीच्या निधनानंतर 2002 मध्ये हस्तलिखित हाती लागले. दोन्ही हातांनी वाजवू लागल्यानंतरही डाव्या हाताचे संगीत फ्लायशर यांनी सोडले नव्हते, यात विशेष काही नाही, कारण ते आता त्यांचेच झाले होते. पीबॉडीतील वर्ग अखेरपर्यंत चालू राहिले. तिथे ते विद्यार्थ्यांना तासांचे मोजमाप करून यंत्रवत वाजवण्यापासून आग्रहाने परावृत्त करत. पियानोपासून दूर बसून रचना मनात ऐका आणि काय हवे ते ठरल्यावरच पट्टीला हात लावा, हे श्नाबेल यांचे सूत्र त्यांच्या शिकवणीत पुन्हा परत आले होते. 2 ऑगस्ट 2020 रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, बाल्टिमोरमध्ये त्यांचे निधन झाले; त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत ते शिकवत होते.